मराठी प्रकाशकांना खुले पत्र: पुस्तक हातोहात फिरू द्या

सर्व मराठी प्रकाशकांस,
सप्रेम नमस्कार.

मुलांची चित्रपुस्तकं आणि कॉमिक्स यापुढे छापायची कशाला, सरळ मोबाइलवरच काढू, असा सूर तुमच्यापैकी काहींच्या बोलण्यात हल्ली वरचेवर ऐकू येतो. कागद महागला, चाररंगी छपाई परवडत नाही, दुकानात चित्रपुस्तकांना दर्शनी जागा मिळत नाही आणि मुलं तर दिवसभर स्क्रीनलाच चिकटलेली. यातलं एकही कारण खोटं नाही. सप्टेंबर २०२५ पासून कागदावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. छापील पुस्तकावर कर नाही, म्हणून कागदावर भरलेल्या कराची वजावट तुम्हाला मिळत नाही. तो भार थेट निर्मितीखर्चावर पडतो. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती संपायला वर्षानुवर्षं लागत असतील, तर रंगीत पुस्तक काढायला धीर कसा होणार, हे मला समजतं.

मी गिरणगावातल्या एका जुन्या वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर बसते. पुस्तकं निवडणं मुख्यतः सभासदांचं काम, पण कोणतं पुस्तक किती फिरतं आणि कोणतं कपाटात पडून राहतं, हे माझ्याइतकं जवळून फार कमी लोकांना दिसत असेल. तुमच्या हिशोबात पुस्तक विकलं गेलं की त्याची गोष्ट संपते. आमच्याकडे ती तिथून सुरू होते. म्हणून डिजिटल की छापील, या वादात मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: घेतलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हाती देता येतं का?

ई-पुस्तकांशी माझं वैर नाही, हे आधीच सांगते. आमचे कितीतरी सभासद चाळी पाडून टॉवर उभे राहिले तेव्हा विरार, बदलापूर, डोंबिवलीकडे गेले. त्यांना दर आठवड्याला परळपर्यंत येणं जमत नाही. संध्याकाळी दादरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातात चारशे पानांची कादंबरी कशी उघडणार? तिथे फोनच कामाला येतो. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. दृष्टिहीन वाचकाला फोन पुस्तक वाचून दाखवू शकतो, आणि ही सोय छापील पुस्तक कधीच देऊ शकणार नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनच्या किंडल या ई-वाचनयंत्रावर मराठी पुस्तकं आली, बुकगंगासारख्या आपल्याकडच्या मंडळींनी ई-पुस्तकांची दुकानं उघडली, स्टोरीटेलने मराठीत बोलती पुस्तकं आणली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. तो आजही आहे.

डिजिटल कॉमिक्स छापील कॉमिक्सची जागा घेऊच शकत नाहीत, असंही मी म्हणणार नाही. जपानमध्ये २०१७ साली डिजिटल मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या, विक्रीने पुस्तकरूपातल्या छापील मांगाच्या विक्रीला मागे टाकलं आणि त्यानंतर ते अंतर वाढतच गेलं. कोरियात तर फोनवर वरून खाली सरकवत वाचायच्या वेबटूनने नवीच चित्रभाषा घडवली. पण ते वाचक कुठून आले तेही बघा. जपानच्या कित्येक पिढ्या स्वस्त कागदावरच्या जाडजूड मांगा साप्ताहिकांवर वाढल्या. स्टेशनवर घ्यायचं, गाडीत वाचायचं, मित्राला द्यायचं. वाचक आधी तयार झाला, मग तो फोनवर गेला. आपण मराठीत हा क्रम उलटा लावायला निघालो आहोत. ज्या मुलाच्या हातात मराठी चित्रकथा कधी पडलीच नाही, ते मूल फोनवर ती शोधायला जाईल, ही आशा कशाच्या बळावर?

एकेकाळी ती सहज हातात पडायची. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात इथूनच, मुंबईतूनच निघत होती आणि वेताळ (म्हणजे फँटम), मँड्रेक, बहादूर मराठीतही येत होते. १९६७ साली अनंत पैंनी अमर चित्र कथा सुरू केली, तीही याच शहरात. किंग्ज सर्कलच्या नि फाउंटनच्या फुटपाथवर जुने अंक निम्म्या किमतीत मिळायचे आणि वाचून झाले की तिथेच परतही द्यायचे. एक अंक किती घरं फिरायचा याची मोजदाद कुणीच ठेवली नाही. प्रकाशकाला एकदाच पैसे मिळायचे हे खरं, पण पुढचा वाचक त्यातूनच तयार व्हायचा. आज पन्नाशी-साठीला आलेले तुमचे हमखास खरेदीदार त्या फुटपाथवर वाचायला शिकले.

आता चांदोबाकडे येते, कारण माझं सगळं म्हणणं त्या एका मासिकाच्या गोष्टीत आहे. चांदमामा जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला, मराठीत तो चांदोबा म्हणून १९५२ साली आला. चित्रकार शंकर यांचं ते विक्रम-वेताळाचं चित्र, राजाच्या एका हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत, हे मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या पाहिलं गेलं. २००७ मध्ये मुंबईतल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीने चांदमामा विकत घेतला. जुने अंक संगणकावर चढवले गेले, संकेतस्थळावर ते वाचायला मिळू लागले. आता हे सगळं कायमचं जपलं गेलं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. पुढे कंपनी अडचणीत आली, २०१३च्या सुमारास छपाई थांबली, आणि २०१६ साली संकेतस्थळाच्या नावाचं नूतनीकरण न झाल्यामुळे तेही बंद पडलं.

आमच्या वाचनालयात चांदोबाचे बांधीव खंड आहेत. एकेका वर्षाचे बारा अंक एकत्र शिवून, पुठ्ठ्यावर खाकी कापड चढवून बाइंडरने बांधलेले. कण्यावर पांढऱ्या रंगाने वर्ष लिहिलेलं. पानांच्या कडा पिवळ्या पडून तुटायला आल्या आहेत, काही पानांना कुणीतरी चिकटपट्टी लावली होती ती आता तपकिरी होऊन अक्षरांवर पसरली आहे. एका खंडात कोडं सोडवणाऱ्या मुलाने पेन्सिलीने उत्तर लिहून ठेवलंय आणि पुढच्या कुणीतरी ते खोडून बरोबर उत्तर लिहिलंय. हे खंड कंपनी बुडाली म्हणून बुडाले नाहीत, संकेतस्थळ बंद पडलं म्हणून बंद पडले नाहीत. कारण ते कुणा एकाच्या ताब्यात नव्हते. गावोगावच्या वाचनालयांत, माळ्यांवर, रद्दीवाल्याकडे विखुरलेले होते. आज चांदोबाचे जुने अंक इंटरनेटवर इकडे-तिकडे सापडतात तेही बहुतेक अशाच, लोकांनी जपलेल्या छापील प्रतींवरून स्कॅन केलेले आहेत. म्हणजे डिजिटलला पुन्हा जिवंत करायला कागदच कामी आला.

आणि चांदोबा हा अपवाद नाही. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. पैसे परत दिले, पण लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं त्यांच्याकडून गेली, समासातल्या टिपांसकट. ॲमेझॉनने २०१४ मध्ये कॉमिक्सॉलॉजी हे डिजिटल कॉमिक्सचं जगातलं मोठं दुकान विकत घेतलं, २०२२ मध्ये ते किंडलमध्ये मिसळलं आणि २०२३च्या अखेरीला त्याचं वेगळं ॲपही संपवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने वाचनयंत्रात घालण्याची सोय काढून घेतली. या कंपन्यांनी बेकायदा काही केलं असं मी म्हणत नाही. आपण ‘विकत घ्या’ हे बटण दाबतो तेव्हा प्रत्यक्षात वाचायची परवानगी घेत असतो. पुस्तक त्यांचंच राहतं. एवढ्या बड्या कंपन्यांचं हे, तर उद्या एखाद्या छोट्या मराठी ॲपने गाशा गुंडाळला तर तुमची पुस्तकं कुठे जातील, हा विचार तुम्ही करार करताना करता का?

वाचनालयाच्या बाजूने हीच अडचण फार साध्या रूपात समोर येते. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो. दाखल-नोंदवहीत तारीख, लेखक, प्रकाशक, किंमत, बिल क्रमांक लिहायचा, शिक्का मारायचा, मग ते पुस्तक संस्थेच्या मालकीचं. ई-पुस्तक घ्यायला गेलं की कुणा एका माणसाच्या ईमेलने खातं उघडावं लागतं. ते पुस्तक त्या माणसाचं, संस्थेचं नाही. ते सभासदाला देता येत नाही, कारण अटींत तसं बसत नाही. ग्रंथपाल निवृत्त झाले की खातंही त्यांच्याबरोबर जाणार. परदेशात वाचनालयं ई-पुस्तकं उसनी देतात, एका वेळी एका वाचकाला एक प्रत, मुदत संपली की आपोआप परत. मराठीत एका प्रकाशकाने जरी अशी व्यवस्था आम्हाला देऊ केली, तरी मी विश्वस्तांच्या बैठकीत त्यासाठी भांडायला तयार आहे.

कॉमिक्सबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात आधी छपाईतून बाहेर काढायचा विचार त्यांचाच होतोय. चित्रकार पान आखतो तेव्हा ते अख्खं पान आखतो. वर तीन लहान चौकटी, मधे एक रुंद, खाली पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत राक्षस. मूल पान उलटतं, आधी राक्षस बघतं, दचकतं, मग वर जाऊन वाचायला लागतं. तेच पान तुम्ही पीडीएफ करून सहा इंची फोनवर टाकलं, की एक तर अक्षर मुंगीएवढं होतं किंवा मोठं करत, सरकवत, शोधत वाचावं लागतं. फुग्यातल्या मराठी मजकुरात वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार असा वर-खाली पसारा असतो. तो बारीक झाला की वाचता येत नाही. आमच्या बालविभागात एका पुस्तकावर तीन-तीन डोकी वाकलेली असतात. पान कोणी उलटायचं यावरून भांडण, ज्याचं वाचून झालं नाही त्याचा हात पानावर दाबलेला. फोनवर हे होत नाही असं नाही, पण फोन ज्याचा त्याच्याच हातात राहतो, आणि मधेच कुणाचा तरी मेसेज येतो.

फोनसाठी कॉमिक्स काढायचीच असतील तर जरूर काढा, पण फोनसाठीच चितारून घ्या. कोरियन चित्रकारांनी तेच केलं: उभी मांडणी, एका वेळी एकच चौकट, दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेतून वेळ दाखवायचा. मराठीत हे करू शकतील असे तरुण चित्रकार आहेत. ते समाजमाध्यमांवर फुकट चित्रं टाकत बसलेत, कारण त्यांना मानधन देऊन काम सांगणारं कुणी नाही. छापील पानाचं स्कॅन ॲपवर टाकून, खप झाला नाही की ‘मराठीत डिजिटल कॉमिक्स चालत नाहीत’ असा निष्कर्ष काढणं हा त्या चित्रकारांवर अन्याय आहे.

मजकुराच्या ई-पुस्तकांचीही अवस्था अनेकदा अशीच. जुनी पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेली. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना ‘सूर्य’चा ‘सूयर्’ होतो, ‘कार्य’चं ‘कायर्’ होतं, जोडाक्षरं सुटतात, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर येतं. पुस्तकाचं छापील मुद्रितशोधन तीन वेळा करणारी संस्था ई-आवृत्ती एकदाही न वाचता बाजारात सोडते. एका सभासद बाईंनी मला त्यांच्या फोनवर एक नावाजलेली कादंबरी उघडून दाखवली. पहिल्या पानावर सात रफार चुकीच्या अक्षरावर बसले होते. त्या परत छापील प्रतीकडे वळल्या. लेखकावर, वाचकावर आणि स्वतःच्या नावावर प्रेम असेल तर ई-आवृत्तीलाही मुद्रितशोधक हवाच. युनिकोडमध्ये नीट आणलेला मजकूर उद्या छपाईला, परवा ब्रेलला, तेरवा आणखी कशाला वापरता येतो. ही कष्टाची कामं एकदाच करायची आहेत.

चांगली उदाहरणंही घरातच आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. ते आजही छापलं जातं, अल्प किमतीत मिळतं, आणि त्याच वेळी जुने अंक इंटरनेटवर सगळ्यांना मोफत वाचायला ठेवले आहेत. डिजिटल झालं म्हणून छपाई थांबवली नाही आणि छपाई चालू आहे म्हणून जुने अंक कुलुपात ठेवले नाहीत. दुसरं उदाहरण प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं. २०१५ साली त्यांनी स्टोरीविव्हर हे संकेतस्थळ सुरू केलं, चित्रपुस्तकं खुल्या परवान्याखाली ठेवली. कुणीही उतरवून घ्यावं, भाषांतर करावं, छापावं, वर्गात वाटावं. मराठी पुस्तकं तिथे भरपूर आहेत. ती फोनवर वाचता येतात आणि एखाद्या शाळेला वाटलं तर कागदावरही येतात. तुम्ही सगळ्यांनी पुस्तकं फुकट द्यावीत असं मी अजिबात म्हणत नाही. लेखक-चित्रकारांना रॉयल्टी मिळायलाच हवी. पण डिजिटल पुस्तकही हातोहात फिरू शकतं, हे तिथे दिसतं.

सरकारचा कायदासुद्धा नकळत हेच सांगतो. जुलै २०१८ मध्ये ई-पुस्तकांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणला, तो फक्त ज्यांची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकांसाठी. छपाई टाळून निव्वळ डिजिटल काढलं तर ही सवलत मिळत नाही, म्हणजे करातलं अंतरच सगळी बचत खाऊ शकतं. शिवाय १९५४च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवणं बंधनकारक आहे. त्यातलं एक मुंबईत टाउन हॉलमध्ये आहे. ई-पुस्तकाला हे बंधन नाही. निव्वळ ई-पुस्तक म्हणून आलेली मराठी चित्रकथा पन्नास वर्षांनी कुणा अभ्यासकाने शोधली, तर ती कुठे सापडायची?

तेव्हा माझी मागणी अशी आहे. मुलांसाठीचं कुठलंही पुस्तक निव्वळ डिजिटल काढू नका. रंगीत हजार प्रती परवडत नसतील तर दोनशे काढा, मागणीनुसार छापा, दोन रंगांत छापा, कागद साधा वापरा; मुलांना आर्टपेपर नको असतो, गोष्ट आणि चित्र हवं असतं. वाचनालयांकडून आगाऊ नोंदणी घ्या. मुंबईतली वाचनालयं एकत्र आली तर छोटी आवृत्ती आमच्याचकडे खपू शकते. जी पुस्तकं आज कुठेच मिळत नाहीत, ज्यांची नवी आवृत्ती तुम्ही काढणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे, त्यांची ई-आवृत्ती आधी काढा. तिथे डिजिटल कुणाची जागा घेत नाही, रिकामी जागा भरतं. आणि ई-पुस्तक विकाल तेव्हा वाचकाला फाइल द्या, कुलूप न लावलेली, ॲप बंद पडलं तरी त्याच्याकडे राहील अशी. चोरी होईल ही भीती मी समजते, पण कुलूप लावलेल्या पुस्तकांच्याही चोरट्या प्रती व्हॉट्सॲपवर फिरतातच. अडकतो तो पैसे देऊन घेतलेला वाचक.

चांदोबाच्या खंडांविषयी शेवटचं. त्याचे हक्क ज्यांच्याकडे असतील त्यांनी, किंवा हक्क मिळवू शकेल अशा कुठल्याही मराठी प्रकाशकाने, ते नीट स्कॅन करून पुन्हा काढायचं मनावर घेतलं, तर आमच्या वाचनालयातले खंड वापरायला देण्याचा प्रस्ताव मी स्वतः विश्वस्तांपुढे मांडीन. पानं फार नाजूक झाली आहेत, त्यामुळे खंड वाचनालयाबाहेर नेता येणार नाहीत आणि स्कॅन करताना बांधणी उसवायची नाही. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोठं टेबल आहे, दुपारी दोन ते चार देवघेव बंद असते. त्या वेळात काम करता येईल, मी थांबेन.

आपली नम्र,
गिरणगावातल्या एका वाचनालयाची कर्मचारी
मुंबई